परवानगीचा दरवाजा

शिवनेरी चढताना एकामागून एक सात दरवाजे लागतात. त्यांतल्या एकाचे नाव आहे परवानगीचा दरवाजा. बाकीच्यांना हत्ती, पीर, शिपाई, कुलाबकर अशी नावे आहेत. ह्या एकाचे नाव मात्र सरळ त्याच्या कामावरून पडले आहे. वर जाणाऱ्याने इथे थांबायचे, आपण कोण, कुठून आलो, कोणाकडे काम आहे ते सांगायचे आणि होकार येईपर्यंत उभे राहायचे.

जुन्नरहून निघून नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर करत दक्षिणेकडे आले की दोन-अडीच तासांत चाकण येते. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही कारखान्यासमोर उभे राहा. लोखंडी फाटक, बाजूला काचेची केबिन, टेबलावर जाड नोंदवही, आणि निळ्या किंवा खाकी गणवेशातला एक माणूस. तो विचारतो, नाव काय, कुठून आलात, कोणाला भेटायचंय? शिवनेरीच्या पहारेकऱ्याने जे विचारले असेल तेच, त्याच क्रमाने. मधल्या काळात तोफा आल्या आणि गेल्या, राज्ये बदलली, घोड्यांच्या जागी कंटेनर आले. दारावरचे तीन प्रश्न तसेच राहिले.

हे पुस्तक त्या तीन प्रश्नांचे आहे. दरवाजा, त्यावरची आणि त्याच्या बाजूची इमारत, तिचे उपयोग, आणि ते प्रश्न विचारण्यासाठी जो माणूस तिथे उभा केला गेला तो, हा ह्या पुस्तकाचा विषय. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा मी मुद्दाम निवडला. इथे पंधरा-वीस किलोमीटरच्या परिसरात भुईकोटाचा दरवाजा आहे, गावाची वेस आहे, संताच्या समाधीचे महाद्वार आहे, जकातीचा नाका होता आणि हजारो कारखान्यांची गेटे आहेत. दरवाजाची सगळी रूपे इतक्या जवळजवळ दाखवणारा दुसरा मुलूख मला ठाऊक नाही.

इंग्रजीत दारावरच्या इमारतीला गेटहाउस हे एकच नाव आहे. मराठीत तसा एक शब्द नाही, कारण आपण त्या इमारतीला तिच्या एकेका कामावरून ओळखले. पहारेकरी बसतात ती दोन्ही बाजूंची खोली म्हणजे देवडी. वर चौघडा वाजतो तो नगारखाना. मोठी दारे बंद असताना एकट्या माणसाला वाकून आत जाता यावे म्हणून दाराच्या फळीतच ठेवलेले छोटे दार म्हणजे दिंडी. दारांमागे आडवा सरकवायचा लाकडी सोट म्हणजे अडसर. तो सरकवण्यासाठी भिंतीत खोल भोके ठेवलेली असतात. कुठल्याही किल्ल्यावर दारांच्या फळ्या कधीच्याच गेलेल्या दिसतील, पण अडसराची ती भोके दगडात अजून शाबूत असतात. हात घातला तर कोपरापर्यंत जातो. दरवाजा नावाची वस्तू किती गंभीरपणे घेतली जात होती, ते तिथे हाताला कळते.

सुरुवात चाकणच्या संग्रामदुर्गापासून करतो. हा डोंगरी किल्ला नव्हे. सपाट जमिनीवर उभा असलेला भुईकोट. भोवती खंदक, कोपऱ्यांना बुरूज आणि आत शिरायला एकामागून एक दरवाजांची मालिका. डोंगरी किल्ल्याला कडा राखतो. भुईकोटाला खंदक, तट आणि दरवाजा ह्यांच्यापलीकडे कोणी नाही. १६६० च्या जूनमध्ये शायिस्ताखान मोठी फौज घेऊन चाकणवर आला. किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. आत मोजकी शिबंदी, वर पावसाळा. दीड-दोन महिने किल्ला झुंजला. शेवटी मोगलांनी जमिनीखालून भुयार खणून एका बुरुजाखाली सुरुंग ठासला आणि ऑगस्टच्या मध्यावर बुरूज माणसांसकट उडवला. तट फुटला तरी आतले लोक हटले नाहीत. पुढे नाइलाज झाला तेव्हा किल्ला खाली करावा लागला. दरवाजाच्या दृष्टीने ह्या लढाईत एक मोठा धडा आहे. इतकी फौज, इतकी तोफ असून वाट करावी लागली ती तटाखालच्या मातीतून. राखलेल्या दरवाजासमोर धडका मारण्यापेक्षा दोन महिने जमीन खणणे शहाण्या सेनापतीला परवडले.

आज चाकणच्या गर्दीत त्या किल्ल्याचे काही बुरूज, तटाचे तुकडे आणि थोडे अवशेष उरले आहेत. भोवती दुकाने, रिक्षा, शाळेतून सुटलेली मुले. कारखान्यात कामाला येणारी हजारो माणसे रोज त्याच्या आसपास उतरतात. इथे कधीकाळी आत जायला परवानगी लागत होती, असे त्यांतल्या फार थोड्यांना कोणी सांगितले असेल.

मराठ्यांनी दरवाजाचा विचार किती बारकाईने केला होता, ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दिसते. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या ह्या ग्रंथात गडांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातला सल्ला असा की गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष. म्हणून गड पाहून एकाहून अधिक दरवाजे आणि चोरदिंड्या करून ठेवाव्यात, रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवाव्यात आणि बाकीच्या चिणून टाकाव्यात. दरवाजा खालून थेट माऱ्यात सापडू नये, त्याच्यापुढे बुरूज देऊन येण्याजाण्याची वाट वळवावी. रायगडाच्या महादरवाजासमोर उभे राहिले की हे सगळे एका नजरेत कळते. वाट दोन बुरुजांच्या मधून वळून आत घुसते आणि शेवटच्या वळणापर्यंत दार दिसतच नाही. तोवर येणारा वरच्या माणसांच्या पूर्ण टप्प्यात आलेला असतो.

दगडाइतकाच विचार माणसांचाही होता. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत, म्हणजे एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये. किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात. संध्याकाळी दारे लावणे, कुलपे स्वतः हाताने ओढून पाहणे आणि सकाळी उघडणे ही त्याची स्वतःची जबाबदारी, दुसऱ्यावर सोपवायची नाही. हिरकणीची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. गडाची दारे लागली, घरी तान्हे बाळ, आणि ती माय कडा उतरून गेली. ऐकताना आपले मन कड्यावरून उतरणाऱ्या हिरकणीबरोबर जाते, आणि ते बरोबरच आहे. पण त्या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. दार उघडायला नाही म्हणणारा. त्यालाही घरी बाळ असेल. गोष्टीने त्याला नाव दिलेले नाही. हे पुस्तक लिहिताना मी त्या बिननावाच्या माणसाकडे पुन्हा पुन्हा वळलो आहे.

दरवाजाने घेतलेल्या किमतीची एक आठवण मावळातच आहे. मळवलीजवळच्या लोहगडावर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी दारांची नागमोडी रांग आहे. हा गड २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी वारशाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. तिथल्या गणेश दरवाजाचा बुरूज उभा राहावा म्हणून त्याच्याखाली नरबळी दिला गेला आणि बळी गेलेल्याच्या घराण्याला गडाखालच्या वाडीची पाटीलकी मिळाली, असे परंपरेने सांगत आले आहेत. पर्यटक त्या दरवाजात छायाचित्रे काढतात. मी तिथे दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्या बुरुजाच्या पायाशी मला थोडा वेळ बसावे लागले.

किल्ल्यांवरून गावात उतरलो की दरवाजा म्हणजे वेस. दगडी कमान, तिच्याजवळ मारुती, पुढे पिंपळ किंवा वड, त्याखाली पार. वेस हे गावाचे तोंड. लग्नाला आलेल्या नवऱ्या मुलाला इथेच थांबवून सीमांतपूजन करायचे. पोळ्याला सजवलेले बैल इथल्या तोरणाखालून वाजतगाजत न्यायचे. पालखी इथे सामोरी घ्यायची, आणि साथीचा रोग आला की उतारा इथेच टाकायचा. गावाची अब्रूही इथेच राहत असे. एखाद्याची लक्तरे वेशीवर टांगली, असे आपण अजून म्हणतो ते उगाच नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये सामावलेली जुनी गावठाणे आजही वेशीच्या आतले आणि बाहेरचे अशी भाषा बोलतात. कमान कुठे उरली आहे, कुठे रस्तारुंदीत गेली, पण बोलण्यातली वेस पडलेली नाही.

ह्या वेशीवर रात्रंदिवस असे तो वेसकर. गावच्या महारवाड्यातल्या घरांकडे हे काम पाळीने येई. हातात घुंगूरकाठी, आणि डोक्यावर कामांची न संपणारी यादी. वेस लावणे, उघडणे, कोण परका आला त्याची खबर पाटलाला देणे, चोराचा माग काढणे, सरकारी माणसाची सरबराई करणे, निरोप पोचवणे. मोबदला म्हणजे बलुत्याचा वाटा आणि दारोदार फिरून मिळालेली भाकरी. गावात कोण येतो, कोण जातो हे ज्याला सगळ्यांत आधी कळे, त्या वेसकराचे स्वतःचे घर मात्र वेशीच्या बाहेर. ज्या दाराचा तो रखवालदार, त्या दारातून आत जाताना त्यालाच अंग चोरून जावे लागे. माझ्या विषयाचा गाभा कुठे आहे असे कोणी विचारले तर मी इथे बोट ठेवीन.

चोखोबांचा शेवट आठवा. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू होते, तिथे कामाला नेलेल्या माणसांवर भिंत कोसळली आणि त्यांत चोखामेळा गेले. साल १३३८. ज्या भिंतीने त्यांना आयुष्यभर बाहेर ठेवले, तीच बांधताना त्यांचा जीव गेला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या आणि समाधी झाली ती विठ्ठलाच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ. आत नव्हे, दारापाशी. ते दार उघडायला सहाशे वर्षे लागली. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा कुठे विठ्ठलाच्या मंदिराची दारे अस्पृश्य मानलेल्यांना खुली झाली.

वेसकरीच्या वतनाची बेडी तोडण्याचे काम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायद्याच्या वाटेने सुरू केले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करावी म्हणून त्यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतन हा मान दिसतो, पण प्रत्यक्षात ती चोवीस तासांची राबणूक आहे, हे ते ठिकठिकाणी सांगत राहिले. ही कनिष्ठ वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने संपली. आमच्या पट्ट्याला त्या काळातली आणखी एक तारीख विसरता येत नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. जिथे दारावर जात विचारली जाणार नाही असे एक स्थान इथल्या माणसांना त्यांनी मिळवून दिले.

देवाच्या दारावरचा माणूस हाही फार जुना विषय आहे. वैकुंठाच्या दारावरचे जय आणि विजय आपल्याला पंढरपुरातही भेटतात. सनकादिक ऋषी लहान मुलांसारखे दिसत, म्हणून ह्या दोघांनी त्यांना अडवले, आणि त्या अपराधासाठी तीन जन्म विष्णूचे वैरी म्हणून काढावे लागले. अडवायला ठेवलेल्यांनी अडवले, आणि शिक्षा त्यांनाच झाली. दारावर काम करणारा कोणीही ही कथा ऐकताना मान हलवतो. वरच्या साहेबाचा पाहुणा अडवला तर बोलणी खावी लागतात, आणि नाही अडवला तर नोकरी जाते.

आळंदीच्या महाद्वारात मात्र एक वेगळा माणूस आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले ते हैबतबाबा आरफळकरांनी. त्यांची समाधी महाद्वारातल्या पायरीशी आहे. आत जाणारा प्रत्येक वारकरी आधी तिथे टेकतो, आणि आळंदीची कार्तिकी यात्रा ह्या पायरीच्या पूजेने सुरू होते. दारापाशीच राहावे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांची धूळ अंगावर घ्यावी, ही जागा त्यांनी आपणहून निवडली. चोखोबांना दाराशी ठेवले गेले, हैबतबाबा दाराशी राहिले. एकाच उंबरठ्याचे हे दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही लक्षात ठेवल्याशिवाय महाद्वार समजत नाही.

दरवाजाचा बडेजाव पाहायचा तर पुण्याच्या शनिवारवाड्यापर्यंत जायला हवे. १७३० च्या जानेवारीत बाजीराव पेशव्यांनी वाड्याचा पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. पाच दरवाजांपैकी उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा मुख्य. हत्तीने धडक देऊ नये म्हणून फळ्यांवर लांब अणकुचीदार खिळे, आत शिरताच सरळ वाट न देणारे वळण, दोन्ही बाजूंना देवड्या आणि वर नगारखाना. दाराच्या एका फळीत दिंडी. तिच्यातून जाणाऱ्याला मान वाकवावी लागते आणि पाय उचलावा लागतो, म्हणजे हातात शस्त्र असले तरी त्या क्षणी ते चालवता येत नाही. दक्षिणेकडचा नारायण दरवाजा वेगळ्या कारणाने लक्षात राहिला. १७७३ च्या ऑगस्टअखेर नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे प्रेत त्या दाराने बाहेर नेले, म्हणून ते नाव. १८२८ च्या आगीत वाडा जळून गेला. दरवाजे उरले. आज आपण शनिवारवाडा म्हणून जे पाहतो ते मुख्यतः त्याचे तट आणि दरवाजेच आहेत.

जगात इतरत्रही दारावरच्या इमारतीने अशीच नाना कामे केली. युरोपातल्या गढ्यांत वरून खाली सोडायची लोखंडी जाळी असे, छतात भोके ठेवून शत्रूवर दगड टाकत. मठांच्या दारावर भुकेल्यांना अन्न वाटत. लंडनचा न्यूगेट हा शहराचा दरवाजा, तो कित्येक शतके तुरुंग होता. वेस्टमिन्स्टरच्या गेटहाउसमध्ये सर वॉल्टर रॅलेने १६१८ मध्ये आयुष्यातली शेवटची रात्र काढली. आपल्याकडे मुंबईच्या कोटाच्या भिंती १८६० च्या दशकात पाडल्या, त्यांतल्या एका दरवाजाचे नाव चर्चगेट स्टेशनवर राहिले. दरवाजा जातो आणि त्याचे नाव जिभेवर राहते. हे मी पुढे आमच्या बसथांब्यांच्या संदर्भात पुन्हा सांगणार आहे.

आता पिंपरीकडे येतो. १९५४ मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. बाबासाहेब देहूरोडला आले ते ह्याच वर्षी. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ उभे राहिले आणि साठच्या दशकात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ह्या गावांच्या शिवारांत मोठमोठ्या कारखान्यांची कुंपणे पडू लागली. १९७० मध्ये ह्या चार गावांची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. शेतात जिथे बांध होता तिथे भिंत आली, आणि भिंतीला गेट. गावाच्या वेशीवर पाटलाचा मुलगा आणि वेसकराचा मुलगा कधीच एका ओळीत उभे राहिले नव्हते. कारखान्याच्या गेटवर ते एकामागे एक उभे राहून कार्ड पंच करू लागले. गेटवर विचारला जाई तो टिकेट नंबर. जात सुटली असे मी म्हणणार नाही. पण ती विचारल्याशिवाय आत जाता येईल असे दार ह्या शिवाराने पहिल्यांदाच पाहिले, आणि त्याचे मोल मला फार वाटते.

ह्या गेटांनी नवी भाषा आणली. भोंगा झाला, फर्स्ट सुटली, सेकंडला जायचंय, गेटपास घे, झडती दे, चलान दाखव, वजनकाट्यावर गाडी लाव. इनवर्ड, आउटवर्ड, टाइम ऑफिस हे शब्द शाळेचे तोंड न पाहिलेल्या आयाबायांच्याही बोलण्यात रुळले. भोसरीच्या बाजूला टेल्को मटेरियल गेट हे बसथांब्याचे नाव आहे. कंपनीचे नाव बदलून टाटा मोटर्स झाले त्याला वर्षे झाली, पण कंडक्टर आणि प्रवासी जुन्याच नावाने उतरतात. चर्चगेटसारखेच हे.

कारखान्याचे गेट कामगारांचे सभागृहही झाले. आतल्या जमिनीवर मालकाचा हक्क, बाहेरचा रस्ता सरकारचा, आणि मधली चार पावलांची जागा कामगाराची. तिथे फलक लागला, तिथे गेट मीटिंग झाली, तिथे पगारवाढीचे पेढे वाटले गेले. आणि तिथेच एखाद्या सकाळी कुलूप दिसले. टाळेबंदी हा शब्द किती नेमका आहे पाहा. यंत्रे, माल, हिशेब सगळे आत, आणि त्यांच्यावर राबणारा माणूस बाहेर, मध्ये एक टाळे. १९८० च्या दशकाच्या शेवटी टेल्कोत राजन नायर ह्यांच्या नेतृत्वाखाली मोठा संघर्ष झाला. सप्टेंबर १९८९ मध्ये हजारो कामगार पुण्यात येऊन शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले, आणि महिनाअखेरीस एका पहाटे पोलिसांनी त्यांना तिथून उचलून नेले. पिंपरीच्या गेटवर सुरू झालेला लढा पेशव्यांच्या दरवाजासमोर येऊन थांबला. त्या लढ्यात कोण किती बरोबर होते ह्याबद्दल आमच्या गावात आजही दोन मते आहेत. ती दोन्ही मते पुस्तकात मांडली आहेत, निकाल मी दिलेला नाही. मला तिथे दिसते ते एवढेच की ज्याला दार बंद होते तो दुसऱ्या दारासमोर जाऊन बसतो. धरणे धरण्याची आपली रीत तीच आहे.

जकात नाका हा शहराचा दरवाजा. पूर्वी वेशीवर माल अडवून कर घेत, तेच काम महापालिकेने हमरस्त्यांवर केले. ट्रकांच्या रांगा, पावत्या, रात्रीच्या वेळी कंदिलासारखे दिसणारे दिवे. पिंपरी-चिंचवडची महापालिका श्रीमंत म्हणून ओळखली गेली ती ह्या नाक्यांवर जमलेल्या पैशांमुळे. एप्रिल २०१३ मध्ये जकात बंद झाली. नाक्यांच्या टपऱ्या गेल्या, जागेची नावे उरली.

ह्या गेटांचे सगळ्यांत सुंदर रूप आषाढी वारीत दिसते. तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. दुसऱ्या दिवशी जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने ती पुण्याकडे जाते तेव्हा कामगार रस्त्यावर येऊन पाणी, केळी, चहा वाटतात. कोणाचे नाव विचारत नाहीत, कुठून आलात विचारत नाहीत. वाटसरूला अन्न देणे हे दाराचे सगळ्यांत जुने काम, आणि ते अजून कोणी विसरलेले नाही.

आजच्या चाकणमध्ये गेटे मोठी झाली. बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्रा अशा कारखान्यांसमोर आडव्या दांड्याची स्वयंचलित फाटके आहेत, कॅमेरे आहेत, बोट किंवा चेहरा ओळखणारी यंत्रे आहेत. तरी केबिनमध्ये माणूस लागतोच. तो बहुधा कंत्राटदाराचा असतो, मराठवाड्यातून, विदर्भातून किंवा त्याहून लांबून आलेला. बारा तासांची पाळी उभ्याने काढतो. ह्या माणसांसाठी महाराष्ट्राने १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांचा स्वतंत्र कायदा केला आणि ठिकठिकाणी मंडळे नेमली. ह्या कायद्याबद्दल, त्याच्या कक्षेत कोण येतो आणि कोण बाहेर राहतो ह्याबद्दल, एक सबंध प्रकरण आहे. वाकड, रावेत, मोशीकडच्या गृहसंकुलांच्या गेटांवरही तेच चित्र आहे. घरकामाला येणाऱ्या बाईची पिशवी जाताना तपासली जाते, आणि ती तपासणाराही तिच्यासारखाच भाड्याच्या खोलीत राहणारा असतो. वेसकराच्या गोष्टीत आपण जे वाचले ते इथे वेगळ्या कपड्यांत भेटते. फरक इतकाच की त्याचे काम जन्माने ठरलेले नाही, आणि तो उद्या सोडून जाऊ शकतो. हा फरक लहान नाही. तो मिळवायला फार माणसांचे आयुष्य लागले आहे.

पुस्तकाची रचना ह्याच क्रमाने आहे. पहिल्या भागात किल्ल्यांचे दरवाजे, दुसऱ्यात वेस आणि वेसकर, तिसऱ्यात महाद्वारे, चौथ्यात वाडे आणि नगारखाने, शेवटच्या आणि सगळ्यांत मोठ्या भागात कारखान्यांची गेटे. वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाला मोजमापे मिळतील. पण माझा खरा वाचक रोज सकाळी गेटपाशी कार्ड दाखवून आत जाणारा आणि ते कार्ड पाहणारा, हे दोघे आहेत.

हा विषय माझ्याकडे कसा आला ते सांगून थांबतो. माझे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात टर्नर होते. ते सेकंड शिफ्टला असले की संध्याकाळी डबा पोचवणे माझे काम. शाळकरी वयातली पाच-सहा वर्षे मी हे केले. वडिलांचे यंत्र मला दिसायचे ते वर्षातून एकदा, खंडेनवमीला, जेव्हा घरच्यांना आत सोडत आणि लेथवर झेंडूची माळ असे. एरवी मला दिसायचे ते गेट. तिथल्या वॉचमनकाकांच्या हातात मी डबा द्यायचो. ते दर वेळी विचारायचे, नाव काय, कोणाचा तू, कोणत्या खात्यात? त्यांना उत्तरे पाठ होती, तरी विचारायचे, वहीत लिहायचे, मग डबा फळीवर ठेवून माझ्या हातावर एखादी गोळी ठेवायचे. एकदा जोराचा पाऊस आला तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये स्टुलावर बसवले आणि स्वतः बाहेर दारात छत्री धरून उभे राहिले, कारण दोघांना पुरेल एवढी ती केबिन नव्हती.

इतक्या वर्षांत त्यांनी माझे नाव शेकडो वेळा लिहिले. मी त्यांचे एकदाही विचारले नाही. वडील निवृत्त झाले, कारखान्याची ती भिंतही पुढे पडली, आणि आज घरात कोणालाच ते नाव आठवत नाही. पुस्तकासाठी मी चाकणपासून चिंचवडपर्यंत ज्या ज्या गेटवर थांबलो, तिथे माझे नाव सांगण्याआधी समोरच्याचे नाव विचारले. बहुतेक जण आधी दचकले, मग हसले, मग सांगितले. ती सगळी नावे माझ्या वहीत आहेत. त्यांनी मागितले नव्हते, तरी ती तिथे असायला हवीत असे मला वाटले.

चिंचवड,
कार्तिक वद्य एकादशी